मार्केटिंगची पदव्युत्तर पदवी : घेण्यापूर्वी पारखून घ्या

पदवी परीक्षांचे निकाल लागले की वाशीपासून पनवेलपर्यंत रेल्वे स्थानकांबाहेर एमबीएच्या जाहिरातींचे फलक झळकू लागतात. शंभर टक्के नोकरीची हमी, उज्ज्वल भवितव्य, जागा मर्यादित, त्वरा करा! त्याच दिवसांत आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांच्या घरी एकच चर्चा सुरू असते. मुलगा बी.कॉम. झाला, मुलगी बी.ए. झाली, आता पुढे काय? कोणी ओळखीचा सांगतो, मार्केटिंगमध्ये एमबीए करा, फार स्कोप आहे. मग एके दिवशी बाप मुलाला घेऊन एखाद्या कॉलेजात जातो, काचेची इमारत आणि वातानुकूलित वर्ग पाहतो आणि तेथल्या तेथे पहिला हप्ता भरून घरी येतो.

हाच बाप दुकानासाठी दहा हजारांचा माल घ्यायचा झाला तर चार ठिकाणी भाव काढतो. माल हातात घेऊन पाहतो, ज्याने मागच्या खेपेस घेतला त्याला विचारतो. शिक्षणाच्या बाबतीत ही पारख आपण घरी ठेवून का जातो? याला केवळ निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. न्या. राजेंद्र सच्चर समितीने २००६ च्या आपल्या अहवालात २००१ च्या जनगणनेवरून दाखवून दिले होते की, देशात २० वर्षांवरील लोकांपैकी सुमारे ७ टक्के पदवीधर किंवा पदविकाधारक होते, तर मुसलमानांत हे प्रमाण ४ टक्क्यांहूनही कमी होते. म्हणजे आज जो मुलगा पदव्युत्तर शिक्षणाला निघाला आहे तो बहुधा आपल्या घराण्यातला पहिलाच. त्याच्या घरात, गल्लीत, नातेवाइकांत या बाबतीत अनुभवाने सांगेल असे कोणी नाही. जाहिरातदाराला नेमके असेच गिऱ्हाईक हवे असते.

म्हणून या लेखात आम्ही ही निवड कशी करावी, याची माहिती क्रमाने देत आहोत. आमचे मुख्य म्हणणे एकच आहे. कोणते कॉलेज चांगले, हा पहिला प्रश्न नव्हे. ही पदवी घेऊन आपले मूल उद्या कोठे उभे राहणार आहे, हा पहिला प्रश्न आहे. त्याचे उत्तर ठरले की पुढची निम्मी निवड आपोआप होते.

आधी ठरवा : नोकरी की गादी?

मार्केटिंगचा पदव्युत्तर अभ्यासक्रम करणाऱ्यांचे ढोबळमानाने तीन प्रकार पडतात.

पहिला, ज्याला कंपनीत नोकरी करायची आहे. त्याच्या दृष्टीने कॉलेजात कोणत्या कंपन्या निवडीसाठी येतात, माजी विद्यार्थी कोठे आहेत आणि पदवीला बाजारात काय मान आहे, या गोष्टी महत्त्वाच्या.

दुसरा, ज्याला वडिलांच्या गादीवर बसायचे आहे. तुर्भ्याच्या बाजार समितीत फळांचा गाळा असेल, भिवंडीत लूम असतील, धारावीत चामड्याच्या बॅगांचे काम असेल. याला नोकरीच्या आकड्यांशी काय करायचे? त्याने पाहावे ते हे की, वितरण, किंमत ठरवणे, निर्यात, ब्रँड आणि ऑनलाइन विक्री हे विषय तेथे कोण शिकवतो आणि आपल्याच धंद्यावर प्रकल्प करू देतात की नाही.

तिसरा, जो आधीच दुकानात किंवा नोकरीत आहे आणि दोन वर्षे काम सोडू शकत नाही. त्याने पूर्णवेळ अभ्यासक्रमाच्या मागे लागून घराची मिळकत बंद करू नये. त्याच्यासाठी अर्धवेळ किंवा दूरशिक्षणाचा मार्ग आहे.

घरात हा निर्णय उघडपणे झाला पाहिजे. बापाच्या मनात गादी आणि मुलाच्या मनात नोकरी असेल, तर दोन वर्षांनी दोघेही नाराज होतात आणि फी मात्र गेलेली असते. मुलीच्या बाबतीत तर हे आधीच बोलून घेणे अधिक गरजेचे. शिकल्यावर तिला काम करू देणार की नाही, हे पदवी हातात आल्यावर ठरवण्यात अर्थ नाही.

शिकवतात तरी काय?

मार्केटिंग म्हणजे घरोघर फिरून माल विकणे, असा समज आमच्या बाजारात आजही आहे. विक्री हा त्याचा एक भाग झाला. १९६० साली अमेरिकेतील प्राध्यापक जेरोम मॅकार्थी यांनी या शास्त्राची चार अंगे मांडली : माल, किंमत, विक्रीची जागा आणि प्रसिद्धी. १९६७ साली फिलिप कोटलर यांचे मार्केटिंग व्यवस्थापनावरील पुस्तक आले आणि जगभरच्या वर्गांत ते शिकवले जाऊ लागले. ग्राहक कोण आहे, त्याला काय हवे आहे, तो किती दाम देईल आणि माल त्याच्यापर्यंत कसा पोहोचेल, हा या साऱ्या अभ्यासाचा गाभा आहे.

आपल्याच बाजारातले उदाहरण घ्या. हापूसच्या हंगामात परप्रांतातला आंबा कोकणच्या नावाने विकला जातो, ही तक्रार जुनी आहे. २०१८ साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या जिल्ह्यांतील हापूसला भौगोलिक मानांकन मिळाले. पण मानांकनाचा कागद मिळाला म्हणजे ग्राहकाला खरा आंबा ओळखता येऊ लागला, असे होत नाही. पेटीवर काय छापायचे, गिऱ्हाइकाला खात्री कशी द्यायची, त्यासाठी जादा दाम कसा मागायचा, हे काम मार्केटिंगचे.

दुसरे उदाहरण कोल्हापुरी चपलेचे. २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटकातील आठ जिल्ह्यांसाठी या चपलेला मानांकन मिळाले. जून २०२५ मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीने मिलानच्या प्रदर्शनात तशाच चपला मांडल्या आणि त्यात कोल्हापूरचे नावही घेतले नाही. गदारोळ झाल्यावर कंपनीने भारतीय कारागिरीपासून प्रेरणा घेतल्याचे मान्य केले. त्या चपलेची किंमत लाखाच्या घरात असल्याच्या बातम्या आल्या. आमचा कारागीर तीच घडण काही शेकड्यांत किंवा फार तर दोन-चार हजारांत विकतो. घडण तीच. फरक पडला तो नावाचा, बाजाराचा आणि ग्राहकाचा.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. पदवी नसेल तर धंदा वाढतच नाही, असे मुळीच नाही. १९४५ साली मोहम्मद हाशिम प्रेमजी यांनी जळगाव जिल्ह्यातील अमळनेर येथे वनस्पती तुपाचा कारखाना काढला. १९६६ मध्ये त्यांच्या निधनानंतर अझीम प्रेमजी यांना अमेरिकेतील शिक्षण अर्धवट टाकून २१ व्या वर्षी कारभार हाती घ्यावा लागला. पुढे त्याच कंपनीची विप्रो झाली. तात्पर्य, पदवी हे साधन आहे. ज्याला धंद्यात काय कमी पडते आहे हे माहीत आहे, त्याला ते उपयोगी पडते. ज्याला ते माहीत नाही, त्याने आधी सहा महिने गाळ्यावर बसून ते शोधावे आणि मग अर्ज भरावा.

नावे अनेक, दर्जा वेगळा

बाजारात या शिक्षणाची बरीच नावे ऐकू येतात. त्यांतला फरक नीट समजून घ्या.

एमएमएस : मुंबई विद्यापीठाशी संलग्न कॉलेजांतील दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. ही एमबीएच्या बरोबरीची आहे. "एमएमएस म्हणजे कमी दर्जाचे" असे कोणी सांगितल्यास त्यावर विश्वास ठेवू नका. पहिल्या वर्षी हिशेब, अर्थशास्त्र, मनुष्यबळ असे सर्व विषय असतात आणि मार्केटिंग, फायनान्स वगैरे खास शाखा सहसा दुसऱ्या वर्षी घेतली जाते. म्हणून पहिल्या दिवसापासून फक्त मार्केटिंग शिकायला मिळेल, ही अपेक्षा ठेवू नये.

एमबीए : अन्य विद्यापीठांची, अभिमत आणि खासगी विद्यापीठांची पदवी.

पीजीडीएम : ही पदवी नव्हे, पदविका आहे. स्वायत्त संस्था ती देतात. काही संस्थांची पदविका फार नावाजलेली आहे. भारतीय व्यवस्थापन संस्था अर्थात आयआयएमसुद्धा २०१७ चा कायदा होईपर्यंत पदविकाच देत असत. तेव्हा पदविका म्हटल्यावर नाक मुरडण्याचे कारण नाही. पण पुढे पीएच.डी. किंवा सरकारी नोकरी करायची असेल, तर त्या पदविकेला भारतीय विद्यापीठ संघाची एमबीएशी समकक्षता मिळाली आहे का, हे आधी विचारा.

अर्धवेळ अभ्यासक्रम : मुंबई विद्यापीठाच्या काही संलग्न संस्थांत काम करणाऱ्यांसाठी मार्केटिंग व्यवस्थापनाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम असतो. वर्ग संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी भरतात. यंदा कोणत्या संस्थेत तो चालू आहे, याची प्रत्यक्ष चौकशी करावी.

दूरशिक्षण व ऑनलाइन : इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठाची एमबीए कमी खर्चात होते आणि दुकान बंद ठेवावे लागत नाही. पण येथे अभ्यास स्वतःलाच करायचा असतो आणि नोकरीसाठी कंपन्या दारात येत नाहीत. गादीवर बसलेल्या माणसाला हा मार्ग परवडणारा आहे.

मान्यतेची खातरजमा

सोने घेताना आपण हॉलमार्क पाहतो, तसे येथे दोन शिक्के पाहायचे. पदवी देण्याचा अधिकार १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार फक्त विद्यापीठांना आणि संसदेने तसा अधिकार दिलेल्या संस्थांना आहे. व्यवस्थापनाच्या कॉलेजांना मान्यता देण्याचे काम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषद, म्हणजे एआयसीटीई करते. या परिषदेला १९८७ च्या कायद्याने वैधानिक दर्जा मिळाला.

कॉलेजात गेल्यावर एआयसीटीईचे मान्यतापत्र मागा. त्यात तीन गोष्टी वाचा. मान्यता चालू वर्षाची आहे का? तुम्ही ज्या अभ्यासक्रमाला प्रवेश घेत आहात त्याचेच नाव त्यात आहे का? जागा किती मंजूर आहेत? काही ठिकाणी एका अभ्यासक्रमाची मान्यता दाखवून दुसऱ्याला प्रवेश दिला जातो. त्यानंतर विद्यापीठाच्या संलग्नतेचे पत्र मागा. अभिमत वा खासगी विद्यापीठ असेल तर आयोगाच्या यादीत त्याचे नाव शोधा. बोगस विद्यापीठांची यादीही आयोग प्रसिद्ध करीत असतो. ऑनलाइन अभ्यासक्रमासाठी आयोगाच्या दूरशिक्षण विभागाची परवानगी लागते. २०२४ मध्ये आयोगाला दहा दिवसांत एमबीए देण्याच्या जाहिरातींबद्दल लोकांना सावध करावे लागले होते, यावरून फसवणूक कोणत्या थराला गेली आहे याची कल्पना यावी.

परदेशी विद्यापीठाचे नाव सांगून इमारतीच्या दोन खोल्यांत वर्ग चालवणाऱ्यांपासून विशेष जपावे.

१९९४ साली स्थापन झालेल्या नॅक आणि एनबीए या संस्था दर्जाची तपासणी करतात. नॅक संपूर्ण संस्थेची तपासणी करते, एनबीए विशिष्ट अभ्यासक्रमाची. तेव्हा मॅनेजमेंटच्या अभ्यासक्रमाला एनबीए आहे का, असे नेमके विचारा. त्याच संस्थेच्या इंजिनीअरिंगला मिळालेले प्रमाणपत्र येथे कामाचे नाही.

नवी मुंबईत काय आहे?

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली तेव्हा हा भाग खाडीकाठच्या गावांचा होता. आज येथे घाऊक बाजार आहे, ठाणे-बेलापूर पट्ट्यात व तळोजात कारखाने आहेत, जवळच न्हावा-शेवा बंदर आहे आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळाचे उद्घाटनही झाले. व्यापार शिकणाऱ्या मुलाला पाहण्यासारखे आणि विचारण्यासारखे इतके काही एका शहरात क्वचितच सापडेल.

संस्थाही बऱ्याच आहेत. वाशीला फादर अ‍ॅग्नेल संकुलातील फादर सी. रॉड्रिग्ज संस्था आणि ओरिएंटल, नेरुळला एसआयईएस आणि स्टर्लिंग, बेलापूरला भारती विद्यापीठ, नवीन पनवेलला पिल्लई. ही व्यवस्थापन शिक्षणातील परिचित नावे. याखेरीज डी. वाय. पाटील हे अभिमत विद्यापीठ नेरुळला, एनएमआयएमएसचे संकुल खारघरला आणि अ‍ॅमिटी हे खासगी विद्यापीठ पनवेलजवळ भाताण येथे आहे. आम्ही नावे दिली म्हणजे शिफारस केली, असे समजू नये. प्रत्येकाने स्वतः जाऊन पाहावे.

आमच्या कारागीर बांधवांचे लक्ष आम्ही एका वेगळ्या संस्थेकडे वेधू इच्छितो. निफ्ट, म्हणजे राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेचे मुंबई केंद्र खारघरलाच आहे. २००६ च्या कायद्याने तिला पदवी देण्याचा अधिकार मिळाला. तेथे फॅशन मॅनेजमेंटचा दोन वर्षांचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. त्यात कपडे, चामडे, दागिने अशा मालाचे मार्केटिंग, खरेदी आणि किरकोळ विक्री यांचाच विचार होतो. शिंपी, जरीकाम करणारे, चामड्याचे कारागीर, तयार कपड्यांचे व्यापारी यांच्या मुलामुलींसाठी साबण आणि बिस्किटांची उदाहरणे शिकवणाऱ्या सर्वसाधारण एमबीएपेक्षा हे शिक्षण अधिक जवळचे ठरू शकते. त्याची प्रवेश परीक्षा वेगळी असते आणि अर्ज बरेच आधी, हिवाळ्यातच भरावे लागतात. फळ-धान्याच्या व्यापाऱ्यांसाठी पुण्याची वैकुंठ मेहता संस्था कृषी व्यापार व्यवस्थापन शिकवते, तेही ध्यानात असावे.

जाण्यायेण्याचा विचार करा. कुर्ला-गोवंडीच्या मुलांना हार्बर मार्ग सोयीचा आहे. मुंब्र्याच्या मुलांना ठाण्याला गाडी बदलून वाशी, नेरुळ गाठता येते. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाल्याने तळोजेकरांनाही खारघर-बेलापूर जवळ आले आहे. मुलीला पाठवायचे असेल तर शेवटचा तास किती वाजता सुटतो, हे आधीच विचारून घ्यावे. केवळ अंतराच्या धास्तीने तिचे नाव अर्जातून वगळू नये.

प्रवेशाचा सरळ रस्ता

कोणत्याही शाखेचा पदवीधर अर्ज करू शकतो. किमान ५० टक्के गुण लागतात आणि राज्यातील मागास प्रवर्गांना ४५ टक्के. राज्य शासनाचा सीईटी कक्ष एमबीए-एमएमएससाठी सामायिक परीक्षा घेतो. २०२५ च्या परीक्षेत १५० मिनिटांत २०० प्रश्न होते आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नव्हते. २०० पैकी १०० प्रश्न तर्कशक्तीचे, ५० गणिताचे आणि ५० इंग्रजीचे. उर्दू व मराठी माध्यमातून आलेल्या आमच्या मुलांचे गाडे इंग्रजीपाशी आणि वेळेपाशी अडते. पदवीच्या शेवटच्या वर्षापासून रोज एक इंग्रजी वर्तमानपत्र वाचायचे आणि घड्याळ लावून प्रश्न सोडवायचे, एवढे नेमाने केले तरी मोठा फरक पडतो.

परीक्षेनंतर केंद्रीय प्रवेश प्रक्रिया, म्हणजे कॅप सुरू होते. कॉलेजांचे पसंतीक्रम भरावे लागतात आणि गुणवत्तेनुसार जागा मिळते. संस्था स्तरावरच्या जागा वेगळ्या असतात. अभिमत व खासगी विद्यापीठे या प्रक्रियेत नाहीत, त्यांचे प्रवेश स्वतंत्र होतात.

मुस्लिम अल्पसंख्याक दर्जाच्या संस्थांत मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी राखीव जागा असतात. सीएसएमटीसमोरची अंजुमन-ए-इस्लामची अल्लाना संस्था आणि वांद्र्याची रिझवी संस्था या त्यांपैकी आहेत. नवी मुंबईतून दोन्हीकडे जाता येते. पण एखादी संस्था अल्पसंख्याक आहे एवढ्यावरून हक्क मिळत नाही. तिचा दर्जा भाषिकही असू शकतो किंवा अन्य धर्मीयांचाही. कोणत्या समाजासाठी आहे, ते पाहावे. या जागांसाठी महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्र लागते.

खर्चाचा हिशेब

फी एवढाच खर्च धरणे चूक आहे. एक उदाहरण मांडू. समजा, दोन वर्षांची फी ३ लाख ६० हजार आहे. मुलगा आज दरमहा १५ हजार मिळवतो. २२ महिन्यांची ती मिळकत बुडणार, म्हणजे ३ लाख ३० हजार. प्रवास, पुस्तके वगैरे ४० हजार. एकूण ७ लाख ३० हजार. पदवीनंतर त्याला ३० हजारांची नोकरी लागली तर मिळकत १५ हजारांनी वाढली. या हिशेबाने गुंतवलेली रक्कम वसूल व्हायला चार वर्षांहून थोडा अधिक काळ लागेल. तोच मुलगा गादीवर आला तर धंद्याचा नफा वर्षाला सुमारे १ लाख ८२ हजारांनी वाढवला तरच चार वर्षांत रक्कम सुटेल. आपले खरे आकडे घालून हा हिशेब प्रत्येकाने वहीत मांडावा.

आता सवलतींचे पाहू. कॅपमधून येणाऱ्या विनाअनुदानित कॉलेजांची फी राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते. कॉलेजच्या पावतीवरचा आकडा प्राधिकरणाच्या आकड्याशी ताडून पाहा. त्यावर वेगळी देणगी मागणे हा राज्यात १९८७ च्या कायद्याने गुन्हा आहे. प्रवेशाच्या अंतिम तारखेआधी प्रवेश रद्द केल्यास एआयसीटीईच्या नियमानुसार फार तर हजार रुपये कापून फी परत मिळायला हवी. मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवण्याचा अधिकार कॉलेजला नाही.

शिष्यवृत्त्यांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरायचे असतात. तेथे अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या उच्च व व्यावसायिक शिक्षणासाठीही योजना आहे. मोमीन, बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा अनेक मुस्लिम कारागीर व व्यावसायिक जमाती राज्याच्या इतर मागासवर्गीयांच्या यादीत आहेत, त्यांना शुल्कात सवलत मिळते. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार, वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोट्यातून घाईने जागा घेतली की ही सवलत गेली. आमच्या बांधवांचे सर्वांत मोठे नुकसान येथेच होते. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर आणि जात पडताळणी यांना वेळ लागतो. निकालाची वाट न पाहता ही कागदपत्रे आधीच्या वर्षीच तयार ठेवावीत.

कर्जाबाबत व्याजाचा प्रश्न आमच्या वाचकांना सतावतो. मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ शैक्षणिक कर्ज अल्प दराने देते, परंतु व्याज तेथेही असते, हे जाणूनच निर्णय घ्यावा. व्याज टाळायचे असेल तर आधी कॅप आणि शिष्यवृत्ती, मग संस्थेकडून हप्त्यांची लेखी सवलत, मग बिरादरीच्या ट्रस्टकडून किंवा नातेवाइकांकडून कर्जे हसना, असा क्रम लावावा. त्यानेही भागत नसेल तर दूरशिक्षणाची कमी खर्चाची पदवी घेणे यात कमीपणा नाही.

सरासरीचा खेळ

"आमच्या विद्यार्थ्यांचा सरासरी पगार सहा लाख" असे माहितीपत्रकात छापलेले असते. समजा, दहा विद्यार्थी आहेत. नऊ जणांना वर्षाला चार लाख आणि एकाला चोवीस लाख मिळाले. बेरीज साठ लाख, सरासरी सहा लाख. प्रत्यक्षात सहा लाख कोणालाच मिळालेले नाहीत! म्हणून सरासरी विचारू नका. सर्व पगार चढत्या क्रमाने लावले तर मधल्या विद्यार्थ्याला किती मिळाले, ते विचारा. वर्गातल्या किती जणांना नोकरी लागली, त्यांपैकी मार्केटिंगमध्ये किती आणि केवळ फोनवरून विक्री करण्याच्या किंवा कमिशनच्या कामावर किती, हेही विचारा. "नोकरीची हमी" हे शब्द लेखी मागितले की बहुतेक ठिकाणी आवाज खाली येतो.

कॉलेजात जाताना सोबत न्यायचे प्रश्न

१. एआयसीटीईचे मान्यतापत्र व विद्यापीठाची संलग्नता दाखवता का?

२. मार्केटिंग शाखेला दुसऱ्या वर्षी किती विद्यार्थी होते? कोणते ऐच्छिक विषय प्रत्यक्षात शिकवले गेले?

३. कायम प्राध्यापक किती? त्यांपैकी बाजारात काम केलेले किती?

४. उन्हाळ्यातील दोन महिन्यांचा प्रकल्प कोठे करतात? आमच्या गाळ्यावर किंवा कारखान्यात करू देता का?

५. मधला पगार किती? मागच्या दोन वर्षांची यादी मिळेल का?

६. फीव्यतिरिक्त कोणकोणत्या नावाने पैसे घेता? त्या प्रत्येकाची पावती मिळेल का?

हे प्रश्न कार्यालयात विचारून झाले की कॉलेजच्या फाटकाबाहेर या आणि दुसऱ्या वर्षाच्या चार मुलांना चहा पाजून तेच प्रश्न पुन्हा विचारा. दोन्हीकडची उत्तरे जुळली तर पुढे जावे. न जुळली तर दुसरे कॉलेज पाहावे. घाई करण्याचे कारण नाही. "आजच शेवटचा दिवस" असे सांगणाऱ्या विक्रेत्याचे काय करायचे, हे आमच्या व्यापारी बांधवांना कोणी शिकवायची गरज नाही.